‘पाणी नको’ ते ‘पाणी द्या’

वैद्यकातील एखादी कल्पना बदलते म्हणजे नेमके काय होते? सामान्यतः आपली समजूत अशी की, कोणी एक प्रतिभावंत नवे सत्य शोधून काढतो, जुना भ्रम गळून पडतो आणि जग पुढे चालू लागते. इतिहास मात्र इतका सरळ नाही. सत्य हाती येऊनही ते शतकभर अडगळीत पडून राहू शकते. पटकी, म्हणजेच कॉलरा, या रोगावरील उपचारांची कथा या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. ज्या घरात लहान मूल आहे अशा प्रत्येक घराशी तिचा आजही संबंध असल्याने ती वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले.

१८१७ साली बंगालमध्ये भडकलेली ही साथ आशियाभर पसरली आणि १८३१ पर्यंत तिच्या पुढच्या लाटेने इंग्लंड गाठले. मराठी मुलखात गावोगावी मरीआईची ठाणी आहेत. तिचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडण्याची जी रीत होती, ती याच भयाची खूण होय. परंतु त्या काळच्या युरोपातील डॉक्टरांचे उपाय तरी कोठे अधिक शहाणपणाचे होते? रोग्याच्या देहातील पाणी जुलाबांवाटे झरून गेलेले, आणि हे त्याची शीर कापून उरलेले रक्तही काढीत!

१८३१ च्या अखेरीस विल्यम ओशॉनेसी या अवघ्या बावीस वर्षांच्या डॉक्टराने पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासले. त्यातील पाणी आणि क्षार कमी झाले आहेत, ते परत दिले पाहिजेत, असे त्याने सांगितले. पुढे हिंदुस्थानात तारायंत्राची उभारणी करणारे ते हेच गृहस्थ. त्यांचे म्हणणे वाचून १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लाटा यांनी मरणोन्मुख रोग्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. बुडालेली नाडी परत आली. काही रोगी वाचले. पण पाणी निर्जंतुक करण्याचे ज्ञान तेव्हा नव्हते, आणि एकदा पाणी देऊन थांबले की जुलाब रोग्यास पुन्हा मृत्यूच्या दारी नेत. १८३३ मध्ये लाटा वारले आणि हा उपाय मागे पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनी तो पुन्हा उभा केला, तेव्हा कोठे सलाईन रुळले.

तरीही प्रश्न उरला. सुई, बाटली आणि जाणता हात खेडोपाडी आणावयाचा कोठून? तोंडाने पाणी का देऊ नये? याला आड आली ती एक दृढ समजूत. पटकीने आतड्याचे अस्तर सोलवटून निघते, ते पाणी शोषूच शकत नाही, तेव्हा पोटास विश्रांती द्यावी, असे मोठमोठे वैद्यकपंडित मानीत. आपल्याकडील लंघनाच्या कल्पनेशी हे छान जुळले. घरोघरी जुलाब होणाऱ्या मुलाचे पाणी तोडले गेले. तहानेने कासावीस झालेले लेकरू पाणी मागे, आणि त्याच्या भल्यासाठीच आई भांडे दूर सारी. या कथेतील सर्वांत करुण भाग आम्हांस हाच वाटतो.

ही समजूत ढासळली तीही कलकत्त्यातच. १९५३ साली हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीचे रोगी तोंडाने द्रव देऊन बरे केल्याचे प्रसिद्ध केले. फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९५९ साली शंभुनाथ दे यांनी दाखवून दिले की, या रोगाचा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषाने आतड्यात पाणी ओसंडते. पुढील वर्षी अस्तर शाबूत असल्याचेही आढळले. त्याच सुमारास शरीरशास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की, आतड्यात साखर आणि मीठ जोडीने शोषले जातात व त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. नुसते पाणी पुरत नाही. चिमूटभर मिठास साखरेची सोबत हवी. १९६८ मध्ये ढाक्यास डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी हे रोग्यांवर सिद्ध केले.

पण रुग्णालयात सिद्ध होणे निराळे आणि लोकांच्या हाती येणे निराळे. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित बंगालच्या सीमेवर आले. बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. जमिनीवर ओळीने रोगी पडलेले, सलाईन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी दर लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशी पुडी तयार करविली, पिंपे भरून ठेवली आणि रोग्यांच्या नातलगांनाच सांगितले, पेल्यापेल्याने पाजत राहा. ज्या छावण्यांत शंभरातील तीसपर्यंत माणसे दगावत, तेथे हे प्रमाण चाराच्या खाली आले. महालनोबीस २०२२ मध्ये निवर्तले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आमच्या मते खरी क्रांती झाली ती त्या पिंपापाशी. पाणी आणि मीठ यांचे सत्य १८३२ पासून ज्ञात होते. बनगावात नवे घडले ते हे की, अशिक्षित आईच्या हातावर विश्वास ठेवला गेला. पुढे बांगलादेशात १९८० नंतरच्या दशकात कार्यकर्त्या घरोघर फिरल्या आणि तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी हे प्रमाण त्यांनी एक कोटीहून अधिक घरांत शिकविले. मराठीत या द्रवास ‘जलसंजीवनी’ असे अन्वर्थक नाव मिळाले.

कल्पना तेथेही थांबली नाही. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने पुडीतील मीठ व साखर दोन्ही कमी केली, कारण सौम्य द्रव अधिक गुणकारी ठरला. म्हणून जुने आठवून अंदाजाने मीठ घालू नये. पुडी उपलब्ध असल्यास तिच्यावर छापलेल्या मापाच्या पाण्यातच ती विरघळवावी. ती नसेल तर एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. बाजारातील गोड पेये ही जलसंजीवनी नव्हेत. अंगावरचे दूध तोडू नये. मूल मलूल झाले, पिऊ शकेना, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसले, तर विनाविलंब डॉक्टर गाठावा.

आणखी एक गोष्ट. कोकण-गोव्याकडून जी घराणी परप्रांती गेली त्यांनी आजाऱ्यास मीठ घालून पेज देण्याची चाल बरोबर नेली. तांदळातील पिष्टाची आतड्यात साखरच होते, म्हणून भाताच्या पेजेवर आधारलेली जलसंजीवनीही शास्त्राने पारखून स्वीकारली. एकाच स्वयंपाकघरात लंघनाची चूक आणि पेजेचे शहाणपण शेजारी शेजारी नांदत होते. परंपरा सगळीच टाकाऊ नव्हे आणि सगळीच पूज्यही नव्हे. तिचे एकेक भांडे तपासून घ्यावे लागते.

आजही जगात दरवर्षी काही लाख बालके अतिसाराने दगावतात. त्यांच्यासाठी नवा शोध लागावयाचा नाही. तो लागलेला आहे. आता कोणाच्या घरी जुलाबाने आजारी मुलास ‘पाणी नको’ असे कोणी वडीलधारे सांगत असतील, तर त्यांचा मान राखून, पण न डगमगता, पेला मुलाच्या ओठांशी न्यावा.