राउटरमधील साठवण व कॉन्फिगरेशन फायलींचे व्यवस्थापन

राउटर, स्विच यांसारख्या नेटवर्क उपकरणांतील स्मृतिभाग सांभाळणे आणि त्यांतील फायलींचे जतन, प्रतिलेखन व पुनःस्थापन करणे, हा नेटवर्क व्यवस्थापनाचा एक मूलभूत भाग आहे. कॉन्फिगरेशन फाइल म्हणजे उपकरणाला दिलेल्या आज्ञांचा साधा मजकूर होय. उपकरणाचे नाव, पोर्टचे आयपी पत्ते, मार्ग, प्रवेशाचे नियम व पासवर्ड यांची नोंद तीत असते. बिघडलेले यंत्र बदलून मिळते. ही फाइल हरवल्यास मात्र सर्व मांडणी पुन्हा करावी लागते.

स्मृतीचे प्रकार

सिस्को कंपनीच्या पारंपरिक राउटरमध्ये चार स्मृतिभाग असतात. रॉममध्ये यंत्र सुरू करणारा प्राथमिक कार्यक्रम असतो. फ्लॅशमध्ये आयओएस ही कार्यप्रणाली साठवलेली असते. एनव्हीरॅममध्ये आरंभीचे कॉन्फिगरेशन असते, त्यास स्टार्टअप-कॉन्फिग म्हणतात. रॅममध्ये प्रत्यक्ष अमलात असलेले कॉन्फिगरेशन असते, त्यास रनिंग-कॉन्फिग म्हणतात. वीज खंडित झाल्यावर यांपैकी केवळ रॅममधील मजकूर पुसला जातो.

दोन कॉन्फिगरेशनमधील फरक

आज्ञा देताच बदल रनिंग-कॉन्फिगमध्ये होतो व लगेच लागू पडतो. तो आपोआप कायम होत नाही. त्यासाठी ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी लागते. ती राहून गेल्यास दोष लगेच दिसत नाही. राउटर महिनोन्‌महिने सुरळीत चालतो आणि वीज जाऊन परत आल्यावर जुन्या मांडणीवर सुरू होतो.

उलट दिशेने प्रत करताना आणखी एक सावधगिरी लागते. जुनी फाइल रनिंग-कॉन्फिगवर उतरवल्यास चालू मजकूर बदलला जात नाही, तर जुना मजकूर त्यात मिसळला जातो. त्यामुळे नको असलेल्या ओळी तशाच राहतात. संपूर्ण फाइल बदलण्यासाठी ‘कॉन्फिगर रिप्लेस’ ही स्वतंत्र आज्ञा आहे.

फ्लॅशची निगा

नवी प्रणाली-फाइल उतरवण्यापूर्वी ‘डिर फ्लॅश’ या आज्ञेने मोकळी जागा पाहतात. प्रत पूर्ण झाल्यावर फाइलचे एमडी५ मूल्य निर्मात्याने दिलेल्या मूल्याशी ताडून पाहतात. जुन्या राउटरमध्ये प्रत करण्यापूर्वी ‘फ्लॅश पुसायचे का?’ अशा अर्थाचा प्रश्न येतो. न वाचता एंटर कळ दाबल्यास जुनी प्रणाली पुसली जाते. त्यानंतर प्रत अर्धवट राहिल्यास राउटर पुढील वेळी केवळ रॉममधील प्राथमिक कार्यक्रमावर थांबतो.

परभणी जिल्ह्यातील संदर्भ

राज्य मुख्यालय, जिल्हा व तालुका यांना जोडणाऱ्या राज्यव्यापी जाळ्यांची योजना केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये मंजूर केली. महाराष्ट्रातील जाळे ‘महास्वान’ या नावाने ओळखले जाते. परभणी जिल्ह्यात परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा असे ९ तालुके आहेत. अशा रचनेत तालुक्याच्या उपकरणावरील काम बहुधा दुरूनच केले जाते. एखादी चुकीची आज्ञा ज्या जोडणीवरून काम चालू आहे तीच तोडू शकते. मग सातबारा किंवा दाखल्यासाठी आलेल्या नागरिकाला, कोणी माणूस प्रत्यक्ष तेथे पोहोचेपर्यंत, थांबावे लागते.

यावर दोन उपाय रूढ आहेत. सिस्कोच्या राउटरवर बदलापूर्वी ‘रीलोड इन १०’ अशी आज्ञा देतात. जोडणी तुटल्यास १० मिनिटांनी राउटर पुन्हा सुरू होतो व जतन केलेल्या जुन्या मांडणीवर येतो; बदल यशस्वी झाल्यास ती आज्ञा रद्द करून मग जतन करतात. येथे जतन न केलेला बदल पुसला जाणे, हा दोष न राहता आधार ठरतो. जुनिपर कंपनीच्या उपकरणांत ‘कमिट कन्फर्म्ड’ ही आज्ञा, ठरावीक वेळेत पुष्टी न मिळाल्यास, पूर्वीची मांडणी आपोआप परत आणते.

प्रती व सुरक्षितता

उपकरणातील प्रत उपकरणासोबतच नष्ट होऊ शकते. म्हणून दिनांकासह एक प्रत अन्यत्र ठेवतात. त्यासाठी पूर्वापार वापरात असलेल्या टीएफटीपी पद्धतीत ना पासवर्ड असतो ना सांकेतिकीकरण. म्हणून एससीपी पद्धत अधिक सुरक्षित मानली जाते. सिस्कोच्या फाइलमधील ‘टाइप ७’ प्रकारचे पासवर्ड सहज उलगडता येतात. त्यामुळे ही फाइल उघड्यावर ठेवणे धोक्याचे असते.

एप्रिल २०१८ मध्ये सिस्को स्विचमधील ‘स्मार्ट इन्स्टॉल’ सुविधेचा गैरवापर करून इराण व रशियासह अनेक देशांतील उपकरणांवर हल्ला झाला. हल्लेखोरांनी आरंभीचे कॉन्फिगरेशन पुसून त्या जागी स्वतःचा संदेश ठेवला. असा प्रसंग आल्यास अन्यत्र ठेवलेल्या प्रतीवरून मूळ मांडणी पुन्हा उभी करता येते. जुने उपकरण मोडीत काढतानाही त्यातील कॉन्फिगरेशन आधी पुसणे आवश्यक असते.