३४ मिलिमीटरमधला फ्रान्स

फ्रान्समधल्या बहुतेक मोठ्या कॅथीड्रलांत आणि किल्ल्यांत, तिकीटखिडकीजवळ किंवा बाहेर पडायच्या दाराशी, एक यंत्र असतं. त्यात युरोची नाणी टाकली की खणकन एक सोनेरी पदक खाली पडतं. सोनेरी फक्त रंगानं. धातू तांब्याच्या मिश्रणाचा. एका बाजूला त्या वास्तूचं चित्र, दुसऱ्या बाजूला पदक पाडणाऱ्या टाकसाळीचं नाव, मोने द पारी. ही टाकसाळ इ.स. ८६४ मधल्या राजाज्ञेपासून आपली परंपरा मोजते. सीन नदीकाठी तिची अठराव्या शतकातली भव्य इमारत आहे. रोजच्या वापरातली नाणी मात्र आता बोर्दोजवळच्या पेसाकला पडतात.

पदकाचा व्यास ३४ मिलिमीटर. एवढ्याशा जागेत अख्खी वास्तू बसवायची, म्हणजे काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे कोरणाऱ्याला ठरवावंच लागतं. हे बघायला दिवा बाजूनं, तिरका धरावा आणि भिंग घ्यावं. समोरून उजेड पडला तर उठाव सपाट दिसतो. माँ-साँ-मिशेल हा बेटावरचा मठ गोलात सहज बसतो, कारण तो मुळातच कळसाकडे निमुळता होत जातो. खरी कसोटी पाँ द्यु गारची. रोमनांनी पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेला हा तीन मजली कमानींचा पूल सुमारे ४९ मीटर उंच, पण लांबी त्याहून कितीतरी जास्त. पूर्ण लांबी दाखवावी तर कमानी सुईच्या नेढ्याएवढ्या होतात. म्हणून कोरणारा पूल कुठे कापतो, हे मी आधी पाहतो. कारागिराची नजर मला तिथे कळते.

आणि साल. बऱ्याच पदकांच्या मागच्या बाजूला ते असतं. तेच चित्र, फक्त साल वेगळं, याला काय अर्थ, असं लोक विचारतात. अर्थ आहे. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलचा, वास्तुकार व्हिओले-ल्य-द्युकनं बांधलेला, १८५९ मध्ये पुरा झालेला मनोरा १५ एप्रिल २०१९ च्या आगीत कोसळला. कॅथीड्रल पुन्हा उघडलं ते डिसेंबर २०२४ मध्ये, तसाच मनोरा नव्यानं उभारून. २०१८ चं पदक ज्यानं घेतलं, त्यानं मान वर करून जुना मनोरा पाहिला होता. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. एकाच वेळी सगळा संच मागवून घेणाऱ्यांच्या हाती तो लागत नाही.

जमवलेलं पदक जपायचं तर ते कडेनं धरावं. तांब्याच्या भांड्यासारखं चिंच-मिठानं ते घासायचा मोह अजिबात नको. वरचा थर गेला की बारीक रेघाही झिजतात. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत ठेवू नये, काही वर्षांत त्यावर हिरवा चिकट थर चढतो. कडक पारदर्शक डब्या उत्तम.

पॅरिसच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात अशी पदकं सरमिसळ भरलेल्या पेट्या मिळतात. तिथे मी पदक आधी उलटं करून साल वाचतो, मगच चित्राकडे वळतो.