गाडीच्या डिफरन्शियलला तेल कोणतं?

आमच्या गटाने कर्ज काढून भाजी वाहायला पिकअप घेतली. पैशांचा हिशेब आम्ही ठेवायचो. तेलपाणी मात्र ड्रायव्हरदादा आणि मेस्त्री बघायचे. आम्ही फक्त बिलावर सही करायचो. एक दिवस मागच्या चाकांच्या मधून घों घों आवाज यायला लागला. खोलून पाहिलं तर क्राऊन-पिनियनचे दात खरवडलेले! गिअरबॉक्समध्ये घालून उरलेलं तेल तिथेही ओतलं होतं. दुरुस्तीत कर्जाचे दोन हप्ते गेले. तेव्हापासून आम्ही हे शिकून घेतलं, तेच आज सांगतो.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्यात डिफरन्शियल असतं. मळणीत तिवड्याजवळचा बैल हळू फिरतो, बाहेरच्याला भराभर चालावं लागतं. वळणावर गाडीच्या चाकांचंही तसंच होतं. बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं हे डिफरन्शियलचं काम.

इंजिनची ताकद चाकांकडे वळवणारे क्राऊन आणि पिनियनही याच गोळ्यात असतात. पिकअपमध्ये बहुधा त्यांचे दात एकमेकांवर दाबले जातात आणि घासत सरकतातही. एवढ्या दाबाखाली साधं तेल दातांमधून निसटतं आणि लोखंडावर लोखंड घासतं. म्हणून या तेलात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं मिसळलेली असतात. ती दातांवर पातळ थर धरून त्यांना वाचवतात. गिअर ऑइलचा उग्र वास येतो तो त्या गंधकाचाच.

तेल घेताना डब्यावरच्या दोन खुणा बघा.

पहिली खूण जीएल आणि त्यापुढचा आकडा. अशा डिफरन्शियलला सहसा जीएल-5 लागतं. जीएल-4 मध्ये ही द्रव्यं कमी असतात. ते बऱ्याच गिअरबॉक्सना चालतं. उलट, काही जीएल-5 तेलं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना बाधतात. म्हणून ‘एकच डबा दोन्हीकडे’ हा हिशेब धोक्याचा.

दुसरी खूण जाडीची. 80 डब्ल्यू-90 मध्ये पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा तेल तापल्यावरच्या जाडीचा. 85 डब्ल्यू-140 त्याहून जाड. ‘जाड तेल म्हणजे चांगलं’ असं मात्र नाही. फार जाड तेलाने गाडी जड ओढते, डिझेल जास्त जातं. आणि नुसत्या जाडीने जीएल-5 चं काम होत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला नंबरच घ्या.

ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. पुष्कळ ट्रॅक्टरमध्ये गिअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक यांना मिळून एकच खास तेल असतं. तिथे पिकअपचं तेल ओतू नका.

तपासणीही अवघड नाही. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावा. बहुतेक गाड्यांत तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल असावं लागतं. जास्त भरलं तर सीलमधून गळून ब्रेकवर येऊ शकतं. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं, तर पाणी शिरलंय. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर हे जरूर बघा. तेलात धातूचे कण चमकले, तर लगेच मेस्त्रीला दाखवा. तेल बदलताना आधी भरायचा नट सुटतोय ना ते बघा, मगच खालचा उघडा. नाहीतर तेल काढून बसाल आणि भरता येणार नाही! काढलेलं तेल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका.

आता आमच्या गटात गाडीची एक वही आहे. तेलाचा जीएल, नंबर, तारीख आणि किलोमीटर त्यात लिहितो. सीलबंद डबा आमच्यासमोर फुटतो, मगच बिलावर सही होते. पहिल्यांदा मेस्त्रीदादा हसले. आता तेच विचारतात, “ताई, वही आणली का?”

मैत्रिणींनो, हप्ता आपण भरतो. मग गाडीच्या पोटात काय जातं, तेही आपल्याला ठाऊक असायला हवं.