गुलाब, ऊन आणि कुंडीतले पाणी

पहिला पाऊस पडला की रोपवाटिकांत गर्दी उसळते. काळ्या पिशव्यांत ओळीने लावलेली गुलाबाची रोपे, एखाद्यावर तळहाताएवढे टपोरे फूल, आणि ते पाहून 'हेच हवे' म्हणून हट्ट धरणारी मुले (व त्यांचे वडीलही!) तुम्ही पाहिली असतीलच. रोप घरी येते. ते फूल गळते. मग महिनाभर नुसती पाने, पुढे नुसत्या काड्या, आणि दिवाळीपर्यंत कुंडी रिकामी. 'आमच्याकडे गुलाब लागत नाही' असे म्हणून घरातली माणसे मोकळी होतात.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. या माणसाने गुलाबावर का लिहावे, असे तुम्हांला वाटेल. पण गुलाब न लागण्याची निम्मी कारणे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात असली, तर उरलेली निम्मी तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहेत. मला ती जरा उशिराच सापडली.

झाले असे. आईचे जुने घर पाडायचे ठरले. तिच्या अंगणात गावठी गुलाबाचे एक झुडूप होते. फिकट गुलाबी, विस्कटलेल्या पाकळ्यांचे, पण वासाने ओसरी भरून टाकणारे. गुलकंद त्याचाच होई. पाडकामाच्या आधी मी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पाच काड्या कापून आणल्या व पावसाळ्यात कुंडीत खोचल्या. चार वाळल्या, एक जगली. दुसरीकडे ते झाड आता कुठेच नव्हते, तेव्हा या एका रोपाची मला किती काळजी असेल ते ओळखा. पुढच्या वर्षी मे महिन्यात मी त्याच्यासाठी अंगणात जागा शोधली. कुंपणाच्या भिंतीलगत, उत्तरेच्या बाजूला, सकाळपासून लख्ख ऊन होते. तिथेच जूनमध्ये रोप लावले. डिसेंबरात सगळ्यांचे गुलाब फुलले. माझे मात्र लांबुडके होऊन भिंतीच्या वर डोकावू पाहत होते. कळी एकही नाही!

चूक कोठे झाली? गुलाबाला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागते. मे महिन्यात मी पाहिलेले ऊन खरेच होते, पण ते मे महिन्याचे होते. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश उत्तर. मेच्या मध्यास सूर्य भरदुपारी तेथे बरोबर डोक्यावर येतो, आणि पुढे जुलैअखेरपर्यंत तो माध्यान्हीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. त्या काळात भिंतीच्या उत्तरेला सावली कुठून पडणार? २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र सूर्य विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश दक्षिणेला असतो. आता गणित करा. ९० मधून १८.५ आणि २३.५ वजा केले की ४८ उरतात. म्हणजे माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर. एक मीटर काठीची सावली तेव्हा सुमारे ९० सेंटिमीटर पडते. माझी भिंत सहा फुटांची, म्हणजे तिची सावली उत्तरेकडे साडेपाच फुटांच्या आसपास. आणि हिवाळ्यात गंमत अशी की सकाळ-संध्याकाळ ही सावली उत्तरेकडे याहून जास्तच सरकते, कमी होत नाही. लांब भिंतीच्या कडेची ती पट्टी त्या दिवसांत सबंध दिवस उन्हाला मुकते. आणि आपल्याकडे गुलाबाचा ऐन बहर तोच!

सूर्याची क्रांती मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो होतो. पत्नीने ते मला दोनदा ऐकवले.

तेव्हा जागा निवडताना फुले हवीत त्या महिन्यांतले ऊन मोजा. गच्ची असेल तर प्रश्न सोपा. अंगण असेल तर हिवाळ्यात दर तासाला सावलीच्या कडेवर खडा ठेवून एक नकाशा करा. रविवारचे काम आहे.

आता रोपाची निवड. फुलाकडे पाहू नका, बुंध्याकडे पाहा. रोपवाटिकेतला बहुतेक गुलाब म्हणजे एकावर एक बसवलेली दोन झाडे असतात. खाली एखाद्या रानटी, काटक जातीचा खुंट. त्याच्या सालीत 'टी' आकाराची चीर देऊन वरच्या जातीचा एक डोळा बसवलेला असतो. यालाच डोळा भरणे म्हणतात. मोठ्या फुलांच्या कित्येक जाती स्वतःच्या मुळांवर जोर धरीत नाहीत, म्हणून ही उसनवारी. बुंध्याशी जोडाची गाठ स्पष्ट दिसावी, ती भरून आलेली असावी आणि तिच्या वरून दोन-तीन जाड फांद्या निघालेल्या असाव्यात.

"आमचा लाल गुलाब बदलला, आता बारीक पांढऱ्या फुलांचे घोस येतात," असे पुष्कळ जण सांगतात. गुलाब बदललेला नसतो. खुंटाने गाठीखालून स्वतःची फूट काढलेली असते आणि ती वरच्या पाहुण्याला उपाशी ठेवते. अशी फूट दिसली की माती उकरून ती मुळापासून ओढून काढावी. वरवर कापली तर दुप्पट जोराने येते.

एका दांड्यावर एक मोठे फूल हवे तर हायब्रीड टी, घोसांनी फुले हवीत तर फ्लोरिबंडा, खिडकीत जागा थोडी असेल तर मिनिएचर. हायब्रीड टी वर्गाचा आरंभ सामान्यतः १८६७ साली फ्रान्समध्ये गीयो यांनी आणलेल्या 'ला फ्रान्स' या जातीपासून धरतात. त्यात चीनकडच्या गुलाबांचे रक्त आहे. वर्षात पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण आला तो तिकडूनच. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. फुलोऱ्याला आवर घालणारे एक जनुक या गुलाबांत बिघडलेले आहे, असे आता कळले आहे. बिघाडाचा असा फायदा विरळाच! भारतातही उत्तम जाती निर्माण झाल्या. गव्हावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. बी. पी. पाल यांना गुलाबाचे वेड होते, आणि त्यांच्या एका पांढऱ्या जातीचे नाव आहे 'डॉ. होमी भाभा'. भौतिकशास्त्राच्या मंडळींनी ती लावायलाच हवी. जत्रेत निळ्या गुलाबाचे बी म्हणून कोणी काही विकत असेल, तर मात्र पैसे खिशातच ठेवा. निळा रंग ज्या डेल्फिनिडिन नावाच्या द्रव्यापासून येतो, ते तयार करण्याची सोय गुलाबाच्या पेशीत मुळातच नाही. पहिल्यांदा लावणाऱ्याने फ्लोरिबंडा घ्यावा, असे माझे मत. तो चुका पोटात घालतो.

आणि चुकांतली सर्वांत मोठी पाण्याची. कुंडीतले गुलाब तहानेने मरतात त्याहून अधिक बुडून मरतात. मुळांनाही श्वासासाठी ऑक्सिजन लागतो. तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. त्या पाण्याने भरल्या की वाट बंद, कारण पाण्यातून ऑक्सिजनचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश होते. मुळे गुदमरली की ती पाणी ओढीनाशी होतात. पाने पिवळी पडतात, मान टाकतात. आणि आपण काय करतो? झाड सुकले म्हणून आणखी एक तांब्या ओततो!

येथे एक प्रयोग करा. अंघोळीचा आयताकृती स्पंज पाण्यात भिजवा आणि न पिळता आडवा धरा. पाणी ठिबकायचे थांबेपर्यंत वाट पाहा. आता तोच स्पंज न दाबता उभा करा. पुन्हा धार लागेल! पाणी आले कोठून? केशाकर्षणामुळे स्पंज आपल्या तळाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी धरून ठेवतो. आडवा असताना त्या उंचीत बराचसा स्पंज बसतो. उभा केला की थोडाच बसतो, बाकीचे पाणी खाली येते. कुंडीतली माती अशीच वागते. तळाचा ओला थर किती उंच राहणार हे मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून उथळ कुंडीत जवळजवळ सगळी मुळे चिखलात, तर फूटभर खोल कुंडीत बरीचशी मोकळ्या हवेत.

पाण्याचा निचरा व्हावा म्हणून तळाशी खडी भरतात, त्याचे काय? वरची बारीक माती पुरती भिजल्याशिवाय पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत उतरतच नाही. परिणामी तो चिखलाचा थर आहे तसाच, फक्त खडीच्या उंचीएवढा मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापर पुरे. सुधारणा मातीतच करायला हवी : जाडसर वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून. कुंडी मातीची असली तर उत्तम. माठासारखे तिच्या अंगातून बाष्पीभवन होते आणि एप्रिलच्या उन्हात मुळे थंड राहतात. पाणी द्यायचे ते बोट मातीत दोन पेरे घालून पाहून, आणि सकाळी, बुंध्याशी. पानांवर शिंपडू नये. काळ्या ठिपक्यांच्या रोगाची बुरशी रुजायला पान काही तास सतत ओले राहावे लागते. संध्याकाळचे शिंपण तिला रात्रभराची सोय करून देते. (भुरी मात्र कोरड्या पानावरही येते. तिला खेळती हवा नको असते.)

छाटणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात. फांदीच्या शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन खाली उतरत असते व खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवते. शेंडा गेला की ते जागे होतात. बाहेरच्या अंगाला तोंड असलेला डोळा निवडा, त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर धारदार कात्रीने तिरपा काप घ्या. उतार डोळ्याच्या उलट दिशेला, म्हणजे पाणी डोळ्यावर साचणार नाही. कापावर बोर्डो पेस्ट लावा. दोन सारख्या फांद्या घेऊन एकीचा शेंडा कापा, दुसरीचा ठेवा, आणि पंधरा दिवस वहीत नोंदी करा. फुले साधारण सहा-सात आठवड्यांनी येतात.

आईचे रोप मी पुढच्या पावसाळ्यात मुळांभोवतीची माती न फोडता उचलले आणि घराच्या पूर्वेकडे मोकळ्यावर हलवले. महिनाभर ते जगते की जाते, कळत नव्हते. १५ ऑक्टोबरला हलकी छाटणी केली. २९ नोव्हेंबरला सकाळी आईला खुर्ची टाकून अंगणात बसवले. तिने फूल तोडले नाही, नुसते वाकवून नाकाशी धरले आणि म्हणाली, "गुलकंदाला अजून पुष्कळ लागतील हो."