सरडगुहिरा रंग का बदलतो?

‘सरड्यासारखा रंग बदलणारा’ हे विशेषण आपण बेभरवशाच्या माणसाला लावतो. रंगबदलात सर्वांत तरबेज प्राणी म्हणजे सरडगुहिरा, अर्थात शॅमेलिऑन. काही भागांत त्याला घोयरा म्हणतात. कुंपणावर मान हलवत बसणारा नेहमीचा सरडा वेगळा. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर सापडतात. आपल्याकडची जाती म्हणजे ‘कॅमेलिओ झेलॅनिकस’. ती भारताप्रमाणेच श्रीलंका आणि पाकिस्तानातही आढळते.

या प्राण्याची सारी शरीररचना फांदीवरच्या जीवनासाठी आहे. त्याचे अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे असते. प्रत्येक पायाची पाच बोटे दोन गटांत जोडलेली असतात: पुढच्या पायाला आतल्या बाजूस तीन व बाहेर दोन, मागच्या पायाला नेमके उलट. त्यामुळे प्रत्येक पाय सांडशीसारखा फांदी पकडतो. शेपटी हा जणू पाचवा पाय. ती फांदीला वेटोळे घालते. पालीची शेपटी तुटून पुन्हा येते, याची मात्र तुटत नाही.

हा प्राणी अगदी सावकाश, पुढेमागे झुलत चालतो. मग चपळ कीटक त्याच्या हाती कसे लागतात? येथे डोळे आणि जीभ उपयोगी पडतात. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात, म्हणजे एक पुढे तर दुसरा मागे पाहू शकतो. अंतराचा अंदाज आपण मुख्यतः दोन डोळ्यांच्या मदतीने घेतो. मुलांना एक डोळा मिटून दोन हातांतल्या पेन्सिलींची टोके एकमेकांना टेकवायला सांगावीत, म्हणजे अडचण लगेच कळेल. सरडगुहिरा मात्र एका डोळ्यानेही अंतर जोखतो. प्रतिमा स्पष्ट दिसण्यासाठी भिंगाला किती जुळवून घ्यावे लागले, यावरून त्याला भक्ष्य किती दूर आहे ते समजते.

शॅमेलिऑनची जीभ शेपूट वगळून उरलेल्या शरीराच्या दीडपट ते दुप्पट लांब जाऊ शकते. ती केवळ स्नायूंच्या जोरावर सुटत नाही. स्नायू आधी जिभेतील लवचिक आवरणांना ताण देतात आणि साठलेली ऊर्जा मग एकदम मोकळी होते. गलोलीच्या रबराचेही असेच असते. जिभेच्या टोकावरची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट दाट असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. कीटक तिला चिकटून येतो.

आता रंगाकडे वळू. ‘ज्या पार्श्वभूमीवर बसेल तो रंग तो घेतो’ असे अनेकदा शिकवले जाते. ते खरे नाही. लाल कापडावर ठेवला म्हणून सरडगुहिरा लाल होत नाही. त्याचा नेहमीचा हिरवा-तपकिरी रंग पानांत लपायला पुरेसा असतो. रंग बदलण्याची कारणे वेगळी आहेत: प्रतिस्पर्ध्याला धमकावणे, जोडीदाराला प्रतिसाद देणे, भीती, उजेड आणि तापमान. गारठ्यात गडद झालेली त्वचा ऊन अधिक शोषून घेते.

हे घडते कसे? जीनिव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१५ साली मादागास्करच्या एका जातीत याचा उलगडा केला. त्वचेतील काही पेशींत ग्वानिन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे मांडलेले असतात. ते जवळजवळ असले की निळा प्रकाश परावर्तित होतो. वरच्या पिवळ्या रंगद्रव्यातून तो आपल्याला हिरवा दिसतो. प्राणी उत्तेजित झाला की स्फटिकांमधले अंतर वाढते आणि त्वचा पिवळी-नारिंगी दिसू लागते. म्हणजे हा बदल केवळ रंगद्रव्याचा नसून प्रकाशाच्या परावर्तनाचाही आहे. साबणाच्या फुग्यावरचे रंगही रंगद्रव्यावाचूनच दिसतात, हे वर्गात सहज दाखवता येईल.

झाडावर इतका सुरक्षित असलेला हा जीव जमिनीवर मात्र असहाय असतो, आणि तरीही त्याला खाली यावेच लागते. मादी जमिनीत बीळ खणून त्यात दहा ते तीस अंडी घालते आणि माती लोटून ते बुजवते. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना मधे रस्ता आला, तर तो संथपणे ओलांडताना अनेक सरडगुहिरे वाहनांखाली चिरडले जातात.

दुसरा धोका आपल्या गैरसमजाचा. घाबरलेला सरडगुहिरा अंग फुगवतो, जबडा उघडून फूत्कारतो आणि गडद होतो. हे पाहून लोक त्याला विषारी समजतात व मारतात. वास्तविक त्याला विष नसते. हा सारा देखावा स्वतःच्या बचावासाठी असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला मारणे, पकडणे वा पाळणे गुन्हा आहे.

म्हणून आम्हाला वाटते की, हा धडा शिकवताना रंगाइतकेच या भीतीबद्दलही बोलावे. शाळेच्या आवारात सरडगुहिरा दिसला, तर त्याला बरणीत घालून वर्गात आणू नये. मुलांना चार-पाच पावले दूर उभे करून त्याचे डोळे, पाय आणि शेपटी यांचे निरीक्षण करू द्यावे व वहीत चित्र काढू द्यावे. ज्या मुलाने ते डोळे फिरताना पाहिले आहेत, त्याचा हात दगडाकडे सहसा जाणार नाही.