सुट्या अक्षरांची सलग रेघ

लग्नपत्रिका, सन्मानपत्रे, प्रमाणपत्रे यांवर कधी कधी इंग्रजी नावे उजवीकडे कललेल्या, एकमेकांत गुंतलेल्या वळणदार अक्षरांत दिसतात. ती टाकाने लिहिल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात ती छापलेली असतात. सुटी अक्षरे शेजारी ठेवून सलग रेघ कशी मिळते? ‘स्नेल राउंडहँड’ या अक्षरवळणाच्या आधारे हे समजून घेऊ.

चार्ल्स स्नेल (१६६७–१७३३) हे लंडनचे सुलेखन-शिक्षक. त्या काळी पिसाच्या लेखणीने लिहीत. तिच्या टोकाला चीर असते. रेघ खाली ओढताना दाब दिला की चीर फाकते व रेघ जाड उमटते. वर जाताना दाब कमी केला की ती केसासारखी बारीक होते. असे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत. संपूर्ण ओळच कोरलेली असल्याने जोडाचा प्रश्न येत नसे.

शिशाच्या खिळ्यांनी छापताना मात्र अडचण येई. खिळा म्हणजे चौकोनी ठोकळा. त्यावर कललेले अक्षर बसवले, तर त्याचा शेंडा किंवा शेपूट ठोकळ्याबाहेर येते. असा लोंबता भाग नाजूक असतो व सहज मोडतो. शिवाय दोन ठोकळ्यांच्या सांध्यावर रेघ तुटलेली दिसू शकते.

१९६५–६६ च्या सुमारास मॅथ्यू कार्टर यांनी स्नेलच्या हस्ताक्षरावरून लायनोटाइप कंपनीसाठी हे वळण तयार केले, ते प्रकाशाने अक्षरजुळणी करणाऱ्या यंत्राकरिता. या पद्धतीत फिल्मवरील अक्षरातून प्रकाश जाऊन संवेदनशील कागदावर त्याची प्रतिमा उमटते. प्रकाशाला ठोकळ्याच्या भिंती नसतात. त्यामुळे एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर किंचित चढवता येते व सांधा नाहीसा होतो.

तरीही आखणीचे काम उरतेच. इंग्रजीच्या २६ लहान अक्षरांच्या २६ × २६, म्हणजे ६७६ जोड्या होतात. कोणतेही अक्षर कोणाच्याही शेजारी येऊ शकते. म्हणून सुटणाऱ्या व येऊन मिळणाऱ्या रेघांची उंची, जाडी आणि कल जुळवावे लागतात.

यावरून वापराचे दोन नियम निघतात. अक्षरांमध्ये जादा अंतर सोडू नये. सांधे उघडे पडतात. सगळा शब्द मोठ्या लिपीतील अक्षरांत लावू नये. ती शब्दारंभी एकेकटी शोभावीत अशी नक्षीदार असतात, ओळीने आली की वाचताच येत नाहीत.

देवनागरीत हाच सांधा शिरोरेषेवर येतो. खिळ्यांनी छापलेले एखादे जुने मराठी पुस्तक वर्गात आणा आणि विद्यार्थ्यांना भिंगातून शिरोरेषा पाहू द्या. तिच्यातील बारीक फटी त्यांना एकेका खिळ्याची कड दाखवून देतील.