वेदनेचे प्रहर

माझ्या वयाच्या माजी विद्यार्थ्यांना जीवशास्त्राच्या प्रयोगवहीतला डावा समास आठवत असेल. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते आमचे गुरुजी त्या समासात घड्याळातली वेळ लिहिल्याशिवाय निरीक्षणावर सही करीत नसत. पुढे मी मराठीच्या वाटेला गेलो आणि बेडूक, सूक्ष्मदर्शक मागे राहिले. असा मनुष्य प्राण्यांच्या वेदनेवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटले असेल. त्याचे कारण माझ्या एका आजारात आहे. ते यथावकाश सांगेन.

आरंभ शब्दापासून करतो, ती माझी जुनी खोड. ‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला. मराठीतही अंगात ‘कळ’ येते आणि गोष्ट ‘कळते’. व्युत्पत्ती एक असो वा नसो, कानाला त्यांचे नाते जाणवते. पण ही जाणीव ज्याची त्याला. माणूस ती निदान सांगू शकतो. मुक्या जनावराची वेदना दुसऱ्याने ओळखावी लागते, आणि औषध तपासायचे तर मोजावीही लागते.

मोजण्याची एक रीत १९४४ पासून चालत आली आहे. सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सियस तापलेल्या पृष्ठभागावर उंदीर ठेवतात. तो पंजा चाटीपर्यंत किंवा उडी मारीपर्यंत किती सेकंद गेले हे पाहून त्याला तत्काळ उचलतात. भाजू नये म्हणून कमाल वेळही आधीच ठरलेली असते. सेकंद जितके कमी, तितकी वेदनेची संवेदना तीव्र. ही रीत ऐकवत नाही, हे मी जाणतो. परंतु आपल्या वेदनाशामक गोळ्यांच्या मागे असेच प्रयोग झालेले आहेत.

आता मुख्य गोष्ट. पृष्ठभाग तोच, उष्णता तीच, तरी दिवसाच्या निरनिराळ्या वेळी हे सेकंद बदलतात. १९७७ साली फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात उंदरांमधील हा दैनिक चढउतार मांडला. शरीर स्वतःच अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये तयार करते, हे तेव्हा नुकतेच उमगले होते. या द्रव्यांचे कार्य रोखणारे नॅलोक्सोन दिले की उंदीर लवकर उडी मारीत. पण नॅलोक्सोनचा हा परिणामही दिवसभर सारखा नसे. म्हणजे अंगातल्या या घरच्या औषधालाच भरती-ओहोटी असावी, असा त्याचा अर्थ.

या भरती-ओहोटीचे घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या छेदस्थानाच्या किंचित वर आहे. उंदरात त्या जागी सुमारे २०,००० चेतापेशी असतात. हे घड्याळ प्रकाशाने रोज जुळवले जाते, पण अंधारातही चालत राहते. अधिवृक्क ग्रंथींचे स्राव याच तालावर कमीअधिक होतात. जपानमधील क्यूशू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये, मज्जातंतूला इजा झालेल्या उंदरांत या स्रावांचा थेट संबंध दाखवला. स्राव वाढले की मज्जारज्जूतील आधारपेशींतून एटीपी हे द्रव्य अधिक बाहेर पडते आणि साध्या स्पर्शानेही कळ उठते. ही वाढ उंदराच्या जागेपणी, म्हणजे आपल्या रात्री होते.

मात्र ‘प्राण्यांना रात्री अधिक दुखते’ असा सरसकट नियम कृपया करू नये. उष्णतेची वेदना, दाबाची वेदना, इजेनंतरची वेदना यांचे प्रहर वेगवेगळे निघतात; उंदरांची जात बदलली तरी निष्कर्ष बदलतात.

माणसाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी मला नागीण झाली. पुरळ गेले, पण बरगडीखालची कळ राहिली. रात्री दोन-अडीचनंतर अंगावरचा सदराही सोसवत नसे. डॉक्टरांची वेळ सकाळी अकराची. ‘आता कसे आहे?’ असे ते विचारीत आणि मी प्रामाणिकपणे ‘बरे आहे’ म्हणे. तसेच कागदावर उतरे. त्यात त्यांचा दोष काय? प्रश्न ‘आता’चा होता.

फ्रान्समधील लिआँ येथे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वाचला, तेव्हा माझी ती रात्र मला ओळखीची वाटली. १२ निरोगी पुरुषांना ३४ तास मंद उजेडात, न झोपता, एकाच स्थितीत ठेवून उष्णतेची वेदना वारंवार मोजली. ती पहाटे तीनच्या सुमारास, म्हणजे रात्रीच्या तिसऱ्या-चौथ्या प्रहरांच्या सांध्यावर, सर्वाधिक भरली. दुपारी सर्वांत कमी. त्यानंतर मी तासवार लिहिलेली वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि गोळीची वेळ बदलली.

उंदराजवळ अशी वही नसते. प्रयोगशाळा बहुधा दिवसा उघडते, कारण माणसे दिवसा काम करतात. उंदराच्या दृष्टीने ती झोपेची वेळ. झोपेतून उठवलेल्या प्राण्याला तापल्या पृष्ठभागावर ठेवून मिळालेले उत्तर त्याच्या जागेपणीचे कसे मानावे? उपाय अवघड नाही. कित्येक ठिकाणी उंदरांच्या खोलीत दिवे उलटे लावतात, म्हणजे रात्री उजेड आणि दिवसा अंधार, व काम मंद लाल प्रकाशात करतात, कारण तो उंदरांना फारसा दिसत नाही. तरीही पुष्कळ शोधनिबंधांत चाचणी किती वाजता घेतली हे लिहिलेले नसते. आमच्या गुरुजींनी त्यांवर सही केली नसती.